सुधारित कापूस लागवड, भाग एकशे सदतीस

दीनानाथ टेंभेकरांना वाचनालयाला पुस्तकं द्यायची होती. बस, एवढंच. पुस्तकं द्यायची, कपाटावर बायकोच्या नावाची पाटी लावायची आणि घरी येऊन चहा करून प्यायचा. यात कोणाला काही अडचण येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. अडचण आलीच तर ती चहाची येईल, असा त्यांचा अंदाज होता, कारण चहा त्यांना अजून जमत नव्हता.

पुस्तकं होती भयसम्राट प्रभंजन काळमेघ यांची. एकूण कादंबऱ्या एकशे सदतीस. हा गृहस्थ दर महिन्याला एक भूत काढायचा. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई, मागे बंगला, बंगल्याच्या एकाच खिडकीत दिवा. नावं म्हणजे 'जिन्याखालचं कुणीतरी', 'हिरव्या बंगल्यातली मोलकरीण', 'रामटेकची तिसरी सावली'. प्रत्येक कादंबरीत भूत असायचं आणि शेवटच्या प्रकरणात ते भूत नसायचं. घरातलाच कोणीतरी असायचा. काका, दिवाणजी, सावत्र भाऊ. एकदा तर कुळाचे उपाध्येच निघाले होते, पण त्यावर वाचकांची नाराजीची पत्रं आली म्हणतात.

रजनीताईंनी शेवटची सोडून या सगळ्या वाचल्या होत्या. दीनानाथांनी आपण होऊन एकही उघडली नसती. ते भीत. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्यांनी सात साहेब काढले, त्यातले दोन तर काळमेघांनाही सुचले नसते असे होते. पण छापलेल्या भुतापुढे त्यांचं काही चालत नसे. म्हणून रजनीताई पुस्तक वाचून झालं की पहिल्या पानावर पेनाने शेरा लिहीत. 'भूत नाही. काका आहे. घाबरू नये. – र.' मग दीनानाथ पुस्तक हातात घेत आणि काका कसकसा वागतो ते आरामखुर्चीत बसून मजेत वाचत. कधी शेरा थोडा मोठा असे. 'दिवाणजी. मिशीवरून मी आधीच ओळखला. पान ६० वर अंगावर काहीतरी उडी मारते ते मांजर आहे. घाबरू नये.'

शेरा हा शब्द दीनानाथांनीच कचेरीतून घरी आणलेला. तसा त्यांनी कचेरीतून आणखी एक शब्द आणला होता, 'करिता'. साहेब दौऱ्यावर किंवा रजेवर असले की त्यांच्या जागी हेडक्लार्कने सही करून खाली 'करिता' लिहायचं. दीनानाथांची सगळी नोकरी त्यातच गेली. रजनीताई म्हणायच्या, "अहो, जन्मभर दुसऱ्यांकरिता सह्या केल्या. माझ्याकरिता एक तरी करा." त्यावर दीनानाथ म्हणत, तू रजेवर जा, मग करतो. हा विनोद त्यांनी पुष्कळदा केला होता. आता तो त्यांना आठवायला नको वाटे.

एकशे सदतिसावी कादंबरी, 'पडवीतली पावलं', हिच्यावर शेरा नव्हता. ती रजनीताईंनी दवाखान्यात नेली होती आणि अर्धी झाली होती. मध्ये खूण म्हणून राळेगाव बसचं तिकीट होतं, कंडक्टरने भोकं पाडलेलं. राळेगाव त्यांचं माहेर. दीनानाथांनी ती कादंबरी रजनीताईंच्या चष्म्याच्या घरापाशी ठेवली होती. ती द्यायची नव्हती. ती त्यांनी वाचलीही नव्हती. शेरा नसलेलं पुस्तक वाचायची त्यांची छाती नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा पुण्याहून मंदारने फोनवर विचारलं, बाबा, ती पुस्तकं रद्दीत दिली का? दीनानाथांनी फोन खाली ठेवला आणि वाचनालयात गेले.

वाचनालयाचे कार्यवाह विठ्ठलराव. त्यांना खुर्चीत बसायला फार आवडे, आणि उभ्या माणसाला उभं ठेवायला त्याहून आवडे. त्यांनी पुस्तकांची नावं ऐकली आणि टेबलाच्या काचेखालचं परिपत्रक दाखवलं.

आता हे परिपत्रक समजायचं तर ती वर्षं आठवायला हवीत. कापसाने यवतमाळ जिल्ह्याची दैना केली होती आणि दिल्ली-मुंबईहून पथकामागून पथकं येत होती. पाण्याच्या बाटल्या घेऊन येत, शेताच्या धुऱ्यावर उभी राहत, फोटो काढत आणि कारण सापडलं म्हणून परत जात. एका पथकाला कारण दारू दिसलं, एकाला लग्नातला खर्च. एकाचं जेवण लांबलं, त्यामुळे त्याला कारण शोधायला वेळच मिळाला नाही. कापसाचा भाव हे कारण कोणालाच सापडलं नाही. ते फारच समोर पडलेलं होतं. शेवटी एका पथकाने असं शोधून काढलं की इथल्या लोकांच्या मनात भीती बसली आहे. मग 'प्रसन्न जिल्हा अभियान' निघालं. त्यात सगळ्या वाचनालयांनी भीतिदायक साहित्य काढून टाकावं, असा हुकूम होता.

विठ्ठलरावांनी हुकूम मनावर घेतला होता. 'सर्पदंशावर प्रथमोपचार' हे पुस्तकसुद्धा त्यांनी काढून टाकलं होतं, कारण मुखपृष्ठावर साप होता.

"टेंभेकर साहेब, वहिनींबद्दल मले आदर आहे," विठ्ठलराव म्हणाले. "पन त्यायच्या नावाचं कपाट आन् आतमंदी एकशे छत्तीस भुतं, हे प्रसन्न दिसत नाई."

"भुतं नाहीत हो. काका आहेत," दीनानाथ म्हणाले.

हे उत्तर फाइलमध्ये बसण्यासारखं नव्हतं. दीनानाथ परत आले.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि बातमीमागे सल्ले आले. एकाने आमदारांना भेटा म्हटलं. एकाने सुचवलं, पुस्तकं देवळात द्या, तिथे भुतांचं काही चालत नाही. शेजारच्या विमलताई रोज ताटलीखाली झाकून भाजी आणून देत आणि भाजीबरोबर मतही देत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "भाऊजी, घरीच राहू द्या न पुस्तकं. वहिनी घरीच वाचे न थे? लोकायच्या कपाटात कायले नेता?"

दीनानाथांना हे पटायला हवं होतं. पण आपण आणखी किती दिवसांचे? आणि आपल्यामागे मंदार काय करणार, हे त्यांना फोनवर कळलं होतं. वाचनालयात नावाची पाटी असली की पुस्तकं राहतात, अशी त्यांची समजूत होती.

तेवढ्यात समोरचे उकंडराव मास्तर पुढे आले. मास्तर निवृत्त होते आणि कोणाचंही काम अंगावर घ्यायला सदा मोकळे असत. त्यांनी तोडगा काढला. वाचनालयात पुस्तकं बांधून, म्हणजे पुठ्ठा आणि रेक्झिन चढवूनच देतात. मग बांधून द्या. वर काय लिहिलंय तेच विठ्ठलराव वाचणार. आतलं त्यांनी आजवर कुठल्या पुस्तकाचं वाचलंय?

बाइंडर फकिरा बसस्टँडच्या मागे बसायचा. त्याच्याकडे कुठल्याशा कचेरीने मागवलेली आणि मग कोणी न्यायला न आलेली हिरवी रेक्झिनची कव्हरं ढिगाने पडून होती. त्यांच्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं : 'सुधारित कापूस लागवड, भाग –'. पुढे नुसता आकडा उमटवायचा होता.

दीनानाथ तिथेच म्हणाले की हे बरं दिसत नाही. मास्तर म्हणाले, याच्याहून बरं काय दिसेल? या जिल्ह्यात या घडीला यापेक्षा प्रसन्न नाव दुसरं नाही. फकिरा म्हणाला, "साहेब, मी दोन वर्षांपासून या कव्हरायच्या गठ्ठ्यावर झोपून राह्यलो. न्या एकदाची."

आणि पुस्तकं बांधली गेली. मास्तरांनी हातगाडीवर स्वतः घातली, स्वतः मोजली, आणि संच एकाने अपुरा दिसला तेव्हा दीनानाथांच्या घरात येऊन चष्म्याच्या घरापाशी असलेली एकशे सदतिसावी स्वतः उचलून नेली आणि बांधून घेतली. दीनानाथ तेव्हा बँकेत पेन्शनच्या रांगेत होते. मास्तरांनी नंतर छाती पुढे काढून सांगितलं, संच अपुरा कसा देता? वहिनींच्या नावाला कमीपणा आला असता.

दीनानाथ चष्म्याच्या घराकडे पाहत राहिले. चष्मा होता.

ते पायात एकच चप्पल नीट घालून, दुसरी ओढत फकिराकडे गेले, तर हातगाडी वाचनालयाकडे गेलेली. वाचनालयात गेले, तर विठ्ठलराव उभे. विठ्ठलराव उभे राहिलेले दीनानाथांनी पहिल्यांदाच पाहिले. "टेंभेकर साहेब, आधी काहून नाई सांगतलं तुमी? एकशे सदतीस भाग! अहो, कापसावर इतकं कोनी लिहिलं असंन हेच मले ठाऊक नोतं."

दीनानाथ म्हणाले, त्यातला शेवटचा भाग मला परत हवा आहे.

"आता नाई देता येत," विठ्ठलराव म्हणाले. "दाखलखारिज वहीत नोंद झाली. अन् पुस्तकं गेली."

अभियानाची जीप नुकतीच येऊन गेली होती. शेतीविषयक सगळी पुस्तकं उचलून खेड्यांतल्या वाचनकट्ट्यांवर पोचवायची, असा नवा हुकूम होता. इतर गावांना जुनी मासिकं गेली होती. हा पूर्ण संच, एवढा मोठा म्हणून, मान देऊन एकाच गावाला गेला होता, राळेगाव तालुक्यातल्या सावरखुटीला. वाचनालयातल्या कपाटावर मात्र पाटी लागली होती. 'कै. रजनी दीनानाथ टेंभेकर स्मृती कपाट'. आत एक फडकं होतं, आणि नॅप्थलीनच्या दोन गोळ्या.

पुस्तक परत मिळवायला दीनानाथांनी अर्ज केला. अर्ज वाचनालयाकडून अभियानाकडे गेला, अभियानाने विचारलं की दात्याला स्वतःचं दान परत कशाला हवं. दीनानाथांनी आयुष्यभर असे अर्ज दुसऱ्या बाजूने पाहिले होते. आपण त्यांच्यावर काय काय शेरे मारले ते त्यांना एकेक आठवलं आणि ते गप्प बसले.

पण बाकीचे गप्प बसले नाहीत. कापसावरचे एकशे सदतीस भाग जवळ बाळगणारा माणूस म्हणजे कापूसतज्ज्ञ, हे अभियानाने ठरवून टाकलं होतं. ढाणकीच्या शेतकरी मेळाव्यात सत्कार ठेवला. दीनानाथांनी पुष्कळ नाही म्हटलं, पण मास्तरांनी त्यांच्या वतीने होकार कळवला होता. कापूस दीनानाथांनी पाहिला होता तो वातीत, गादीत आणि डॉक्टरकडे. मंचावर त्यांना शाल घातली, नारळ दिला आणि माईक पुढे केला. समोर बसलेल्यांपैकी एकजण उठून म्हणाला, "साहेब, आमच्या पऱ्हाटीवर लाल्या आला. पानं लाल होऊन राह्यली. काय करू?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, एवढं दीनानाथांना ठाऊक होतं. लाल्या हे नाव त्यांना काळमेघांच्या दरोडेखोरासारखं वाटलं. अशा वेळी माणसाला जे पाठ असतं तेच तोंडून येतं. ते म्हणाले, "घाबरू नये."

आणि खाली बसले. मग टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी सांगितलं की गेल्या तीन वर्षांतलं हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात निरुपद्रवी मार्गदर्शन होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, शालीत गुंडाळलेले दीनानाथ आणि खाली ओळ : 'घाबरू नका – कापूसतज्ज्ञ टेंभेकर'. विमलताईंनी तो पेपर भाजीच्या ताटलीखाली ठेवून आणला. "भाऊजी, मले तर वाटलं तुमी नवरदेवच हाय," एवढंच बोलल्या.

अपमान सोसता येतो. दीनानाथांना पुस्तक हवं होतं. वर्षश्राद्धाच्या आत ते चष्म्यापाशी परत असावं, याच्यापुढे त्यांना काही सुचत नव्हतं. संधी चालून आली. मुंबईहून अभ्यासगट येणार होता, तो सावरखुटीचा वाचनकट्टा पाहणार होता आणि तज्ज्ञ म्हणून दीनानाथांना जीपमध्ये जागा होती. त्यांनी पिशवी घेतली, पुस्तक बसेल एवढी.

सावरखुटीला पारावर पंचवीस-तीस माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात हिरवं पुस्तक होतं. बायकासुद्धा होत्या. अभ्यासगट आला तरी कोणी मान वर केली नाही. अभ्यासगटाच्या मुख्य बाई गहिवरल्या. इतर गावांत लोक त्यांच्याकडे पाहत, अर्ज देत, रडत. इथे लोक वाचत होते. त्यांनी हळू आवाजात सोबतच्या माणसाला सांगितलं, हीच ती प्रसन्न मानसिकता.

मग त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यांचं नाव बापूजी, गावातले जुने कास्तकार. या पुस्तकांतून आपण काय शिकलात?

बापूजींनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा जीपकडे.

"बाई, एकच गोष्ट शिकलो," ते म्हणाले. "सुरवातीले जो मदत कराले म्हनून घरात येते, शेवटी सगळं त्यानंच केलं असते."

सोबतच्या माणसाने ते लिहून घेतलं. अहवालात पुढे हे 'स्वावलंबनाची वाढती जाणीव' या मथळ्याखाली आलं. बाईंनी एक पुस्तक हातात घेतलं, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं, सुंदर म्हणाल्या आणि न उघडता परत दिलं. जेवण दुसऱ्या गावी होतं. जीप निघाली. दीनानाथ म्हणाले, मला इथे थोडं तांत्रिक काम आहे, मी एस.टी.ने येतो.

जीपची धूळ बसल्यावर बापूजी दीनानाथांच्या जवळ सरकले. "साहेब, पेपरात तुमचाच फोटो होता न? खरं सांगा. हे पुस्तकं तुमची हायेत?"

"माझ्या बायकोची आहेत."

"म्हंजे 'र.' म्हनतात थे तुमची बायको?"

पारावरची सगळी माणसं आता पाहू लागली. दीनानाथांनी मान हलवली. मग जे झालं त्याला ते तयार नव्हते. लोक रजनीताईंबद्दल बोलू लागले, ओळखीच्या बाईबद्दल बोलावं तसे. एकाचं म्हणणं, रबाईले मिशीवाल्यायचा भारी राग. दुसरा म्हणाला, मांजराचं पहिलेच सांगून ठेवलं म्हणून माझी म्हातारी वाचली, नाहीतर साठाव्या पानावर गेलीच असती. रुखमाबाई म्हणून एक होत्या, त्या शाळेत गेल्या नव्हत्या, नातीकडून वाचून घेत. त्यांनी सांगितलं, आधी शेरा ऐकते, मग पुस्तक ऐकते. दिवसभर जिवाला घोर असते, बापा. घटकाभर तरी शेवट ठाऊक असलेली गोष्ट पाह्यजे.

दीनानाथांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग विचारलं, एकशे सदतिसावा भाग कुठे आहे?

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बापूजी उठले, मारुतीच्या देवळात गेले आणि कोनाड्यातून पुस्तक घेऊन आले. वर धूळही नव्हती. कोणी तरी रोज पुसत असावं.

"याच्यावर शेरा नाई," बापूजी म्हणाले. "पहिल्या पानावर काईच लिहिलं नाई. आमी म्हटलं, रबाईनं काई लिहिलं नाई म्हंजे याच्यात खरंच काई तरी असंन. म्हनून देवापाशी ठेवलं. बिनाशेऱ्याचं पुस्तक कोनी उघडत नाई इथं."

दीनानाथांनी पुस्तक घेतलं. तिकीट जागेवर होतं. भोकं पाडलेलं, यवतमाळ ते राळेगाव. पुस्तक पिशवीत घालायचं आणि रस्त्यावर जाऊन एस.टी.ला हात करायचा, एवढंच उरलं होतं. त्यांनी ते पिशवीत घातलंसुद्धा.

"तिला वेळ मिळाला नाही," ते म्हणाले. "तिथपर्यंतच झालं होतं तिचं."

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने बापूजींनीच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "मंग साहेब, याच्यात भूत हाय का नाई?"

"मला माहीत नाही. मी वाचलं नाही."

"काहून?"

दीनानाथ टेंभेकर, कापूसतज्ज्ञ, पेपरात फोटो आलेले, तिथे पारावर तीस माणसांसमोर म्हणाले, "भीती वाटते."

कोणी हसलं नाही. बापूजींनी पारावरचं आपलं घोंगडं झटकलं आणि जागा करून दिली. "बसा," ते म्हणाले. "भर दुपार हाय. आमी सगळे हाओ न इथं."

दीनानाथ बसले. रुखमाबाईंची नात पाण्याचा तांब्या ठेवून गेली. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पावलं पडवीत वाजू लागली तेव्हा ते पाणी प्यायले. तिकिटापाशी आले तेव्हा थोडे थांबले, तिकीट काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या पानावर गेले. इथून पुढचं रजनीताईंनाही ठाऊक नव्हतं. आजूबाजूला लोक आपापली हिरवी पुस्तकं वाचत होते, पण पानं उलटत नव्हते. सगळ्यांचं लक्ष दीनानाथांच्या चेहऱ्याकडे होतं.

काळमेघांनी या एका पुस्तकात सगळ्यांना फसवलं होतं. काका निर्दोष होता. दिवाणजी तर चौथ्या प्रकरणातच तीर्थयात्रेला गेला होता. पावलं खरीच होती.

उन्हं उतरू लागली तेव्हा दीनानाथांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून पुसला. मग खिशातलं पेन काढून पहिलं पान उघडलं आणि कचेरीतल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर पुस्तक पिशवीत घातलं नाही, बापूजींच्या हातात दिलं. शेवटची एस.टी. फाट्यावर हॉर्न देत होती.

बापूजींनी पान डोळ्यांपासून लांब धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं :

'भूत खरे आहे. घरचीच बाई आहे. चहा नीट झाला की नाही एवढेच बघून जाते. घाबरू नये.

र. करिता,
दी.'